अमोनियम परसल्फेट, ५०० ग्रॅम, विश्लेषण श्रेणी: वापरानंतरचे परीक्षण

आमच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेसाठी आणि तिला लागूनच असलेल्या जैवतंत्रज्ञान विभागासाठी मागवलेल्या अमोनियम परसल्फेट या प्रबळ ऑक्सिडीकारकाच्या (म्हणजे दुसऱ्या पदार्थांचे इलेक्ट्रॉन काढून घेणाऱ्या रसायनाच्या) ५०० ग्रॅमच्या बाटलीचे हे परीक्षण आहे. महाविद्यालय कोकणात आहे, त्यामुळे बाटलीने येथील संपूर्ण पावसाळा पाहिला आहे, आणि या रसायनाच्या बाबतीत ती गोष्ट फार महत्त्वाची ठरते. निर्माता भारतीय असून माल स्थानिक वितरकामार्फत आला. दोघांचीही नावे मी येथे देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते कोणत्याही निर्मात्याच्या मालाला लागू पडते. लेबलवर छापलेली शुद्धता ही कारखान्यातून निघालेल्या दिवसाची शुद्धता असते. आपण विकत घेतो तो त्यानंतरचा प्रवास, बाटलीचे झाकण आणि आत शिरलेली किंवा न शिरलेली दमट हवा. माल उत्तम होता. मात्र ५०० ग्रॅमचे पॅकिंग आमच्यासारख्या प्रयोगशाळेसाठी योग्य नव्हते, आणि यापुढे आम्ही ते मागवणार नाही.

प्रथम पदार्थाविषयी, कारण त्याचे गुण आणि दोष एकाच जागेतून येतात. अमोनियम परसल्फेटच्या रेणुसूत्रात दोन अमोनियम आयन आणि एक पेरॉक्सोडायसल्फेट आयन असतो. हा ऋण आयन म्हणजे दोन सल्फेट गट एका पेरॉक्साइड बंधाने, म्हणजे ऑक्सिजन-ऑक्सिजन बंधाने, जोडलेले असणे. रेणुभार २२८.२ आहे आणि त्यापैकी आठ ऑक्सिजन अणूंचा वाटा सुमारे ५६ टक्के आहे. वजनाने निम्म्याहून अधिक ऑक्सिजन असलेले हे शुभ्र स्फटिक दिसायला साखरेइतके निरुपद्रवी वाटतात. त्या सर्व ऑक्सिजनपैकी रासायनिकदृष्ट्या कामाला येणारा भाग, ज्याला उद्योगात सक्रिय ऑक्सिजन म्हणतात, तो मात्र एकूण वजनाच्या फक्त ७ टक्के आहे, कारण आठांपैकी एकाच ऑक्सिजन अणूइतकी ऑक्सिडीकरणाची क्षमता त्या पेरॉक्साइड बंधात साठलेली असते. सोडियम परसल्फेटमध्ये हे प्रमाण सुमारे ६.७ टक्के आणि पोटॅशियम परसल्फेटमध्ये ५.९ टक्के भरते. प्रति ग्रॅम हिशेब केला तर तिन्ही भावंडांत अमोनियमचे लवण सरस ठरते.

या लवणांचा शोध एडिनबरो येथील रसायनशास्त्रज्ञ ह्यू मार्शल यांनी १८९१ साली जाहीर केला, आणि त्यांच्या आम्लाला आजही मार्शलचे आम्ल म्हणतात. तयार करण्याची पद्धत तत्त्वतः तेव्हापासून तीच आहे. अमोनियम सल्फेट आणि सल्फ्युरिक आम्लाचे संहत, थंड द्रावण घेऊन प्लॅटिनमच्या धनाग्रावर उच्च विद्युतधारा-घनतेने विद्युत अपघटन केले की दोन सल्फेट गट एकमेकांना जोडले जातात. द्रावण थंड ठेवणे आवश्यक असते, कारण उष्णतेने तयार झालेला माल तेथेच मोडू लागतो. आम्लयुक्त पाण्यात परसल्फेटचे जलापघटन होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते, आणि अँथ्राक्विनोन प्रक्रिया (हायड्रोजन पेरॉक्साइड बनवण्याची आजची पद्धत) रूढ होण्यापूर्वी जगातील बरेचसे हायड्रोजन पेरॉक्साइड याच मार्गाने बनत असे. आज केशकर्तनालयातील परसल्फेटयुक्त ब्लीचची भुकटी आणि पेरॉक्साइड एकत्र कालवले जातात, तेव्हा एकाच कुळातील दोन पदार्थ पुन्हा भेटतात.

अस्थिरतेचा प्रश्न अमोनियमपाशी येतो. पोटॅशियम किंवा सोडियमचा आयन ऑक्सिडीकारकाशेजारी स्वस्थ बसतो, परंतु अमोनियममधील नायट्रोजन उणे तीन या ऑक्सिडीकरणांकावर असतो आणि त्याला स्वतःलाच ऑक्सिडीकृत होण्यास वाव असतो. म्हणजे एकाच स्फटिकात ऑक्सिजन देणारा आणि ऑक्सिजन घेऊ शकणारा असे दोघे शेजारी राहतात. अमोनियम क्लोरेट सामान्य तापमानालाही आपोआप विघटित होऊ शकते. कोरडे अमोनियम परमँगनेट तापवल्यास त्याचा स्फोट होतो. अमोनियम डायक्रोमेटच्या ढिगाला एकदा आच दिली की तो ठिणग्या उडवत हिरव्या क्रोमियम ऑक्साइडमध्ये रूपांतरित होतो (हे विषारी प्रात्यक्षिक शाळांतून कायमचे बंद व्हावे असे माझे मत आहे). अमोनियम परक्लोरेट हाच पीएसएलव्हीच्या घन इंधनातील ऑक्सिजनचा साठा असतो. अमोनियम नायट्रेट काय करू शकते हे ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरात सुमारे २,७५० टनांच्या साठ्याने दाखवले. या कुळात परसल्फेट सौम्य मानले जाते. पूर्ण कोरडे असेल तर ते दीर्घकाळ टिकते आणि साधारण १२० अंश सेल्सिअसला विघटित होऊ लागते. ओलावा मिळाला की मात्र ते नेहमीच्या तापमानालाही हळूहळू ऑक्सिजन सोडू लागते, आणि त्या ऑक्सिजनमध्ये थोडा ओझोनही असतो. मोठ्या साठ्यात उष्णता बाहेर पडण्यास वाव नसेल, किंवा धातूंचे अंश व सेंद्रिय कचरा मिसळला असेल, तर हेच विघटन स्वतःचा वेग स्वतः वाढवते.

आता बाटलीकडे येऊ. जाड, अपारदर्शक प्लास्टिकची बाटली, रुंद तोंड, आत एक दाबून बसणारे झाकण आणि त्यावर आट्यांचे झाकण अशी रचना होती. लेबलवर ऑक्सिडीकारकाचे चिन्ह, म्हणजे वर्तुळावरील ज्योत, ठळक छापलेले होते. श्वसनमार्गाला संवेदनशील बनवणाऱ्या पदार्थाचे चिन्ह, वाहतुकीसाठीचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक १४४४, उत्पादनाचा महिना आणि बॅच क्रमांक हे सर्व जागेवर होते. बॅचचे विश्लेषण प्रमाणपत्र मात्र मागितल्यावरच मिळाले. परसल्फेटसारख्या पदार्थाबरोबर ते न मागता आले पाहिजे. बाटली उघडल्याची तारीख लिहिण्यासाठी लेबलवर कोरी जागा नव्हती, आणि ही उणीव मला अधिक खटकली, कारण या रसायनाचे खरे वय तेथून मोजले जाते.

स्फटिक मोकळे, कोरडे आणि पूर्ण पांढरे होते. कोठेही ढेकूळ नव्हते. ताजेपणाची जुनी कसोटी अशी की थोड्या स्फटिकांवर पाण्याचे थेंब टाकले असता बारीक तडतड ऐकू यावी, आणि ती स्पष्ट ऐकू आली. ओलसर झालेल्या, जुन्या मालात ही तडतड जवळजवळ नाहीशी होते आणि झाकण उघडताच ओझोनचा तिखट वास येतो. बाटली हुंगून पाहण्याचा मोह मात्र कोणीही करू नये.

कानावर विसंबून न राहता आम्ही अनुमापनही (माहीत संहतीचे द्रावण घालून पदार्थाचे प्रमाण मोजणे) केले आणि प्रत्येक प्रयोगशाळेने ते करावे, कारण त्याला पदवीच्या विद्यार्थ्याचे कौशल्य पुरते. सुमारे ०.३ ग्रॅम नमुना अचूक तोलून पाण्यात विरघळवावा, त्यात ०.१ नॉर्मल फेरस अमोनियम सल्फेटचे सल्फ्युरिक आम्लयुक्त द्रावण ५० मिलिलिटर घालावे, थोडे फॉस्फरिक आम्ल मिसळावे, काही मिनिटे झाकून ठेवावे आणि उरलेले फेरस पोटॅशियम परमँगनेटने मोजावे. परसल्फेटचा एक आयन दोन फेरस आयनांना फेरिक करतो, म्हणून समतुल्यभार रेणुभाराच्या निम्मा, म्हणजे ११४.१ धरायचा. फॉस्फरिक आम्लामुळे फेरिकचा पिवळेपणा झाकला जातो आणि शेवटची गुलाबी छटा नीट दिसते. मधली काही मिनिटे गाळू नयेत, कारण ही अभिक्रिया तत्काळ पूर्ण होत नाही. सोबत नमुन्याविना एक कोरे अनुमापन अवश्य करावे, कारण फेरस द्रावण हवेतही थोडे ऑक्सिडीकृत होत असते. लेबलवर किमान ९८ टक्के शुद्धता लिहिली होती आणि आमचे उत्तर त्याला धरूनच आले. पावसाळा संपल्यावर त्याच बाटलीतील नमुना पुन्हा तपासला, तेव्हा शुष्कनपात्रात (आतील हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद पात्रात) ठेवलेल्या लहान कुपीतील माल जवळजवळ तसाच होता, तर वारंवार उघडल्या जाणाऱ्या मूळ बाटलीतील माल लक्षात येईल इतका उतरला होता आणि तळाशी गोळे धरू लागला होता. माल तोच आणि बॅचही तीच असल्यामुळे हा फरक साठवणुकीचाच म्हणावा लागेल.

आमच्याकडे या रसायनाचा सर्वाधिक वापर पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड जेल बनवण्यासाठी होतो. प्रथिने त्यांच्या आकारमानानुसार वेगळी करण्याची ही पद्धत १९७० साली लेमली यांनी मांडलेल्या स्वरूपात आजही जगभर वापरली जाते, आणि तिच्या मुळाशी परसल्फेटचे एकच काम आहे: मुक्त मूलक, म्हणजे अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेले अतिक्रियाशील कण, पुरवणे. टेमेड या अमाइनच्या सान्निध्यात पेरॉक्साइड बंध सामान्य तापमानालाच तुटतो, सल्फेटचे मूलक तयार होतात, ते अ‍ॅक्रिलअमाइडच्या रेणूंना साखळीत गुंफू लागतात, आणि बिसअ‍ॅक्रिलअमाइडमुळे त्या साखळ्या एकमेकींना आडव्या जोडल्या जाऊन जाळे बनते. १० मिलिलिटर मिश्रणाला १० टक्के परसल्फेटचे १०० मायक्रोलिटर द्रावण हे सर्वसाधारण प्रमाण आहे. ताज्या मालाने जेल अर्ध्या तासाच्या आत, सर्वत्र सारखे आणि स्वच्छ घट्ट झाले. काचेच्या कडांपाशी ओघळ राहिला नाही आणि नमुन्यासाठीच्या खाचा कंगवा काढल्यावर सरळ उभ्या राहिल्या.

येथे एक सवय सोडून देण्याची विनंती करतो. जेल घट्ट होत नसले की अनेक ठिकाणी टेमेड वाढवले जाते किंवा परसल्फेट दुप्पट घातले जाते. त्याने जेल कदाचित जमते, पण साखळ्या आखूड आणि अनियमित बनतात, मिश्रण तापते, आणि उरलेला ऑक्सिडीकारक प्रथिनांमधील सल्फहायड्रिल (गंधक-हायड्रोजन) गटांना इजा करतो. नंतर पट्टे पसरट आले की दोष नमुन्याला दिला जातो. जेल उशिरा जमण्याची कारणे बहुधा तीनच असतात: परसल्फेटचे द्रावण शिळे, मिश्रणात विरघळलेला हवेतील ऑक्सिजन, किंवा थंड खोली. ऑक्सिजनने अतिशय समृद्ध असलेल्या या लवणाने सुरू केलेली अभिक्रिया हवेतील साध्या ऑक्सिजनमुळे अडते, हे विद्यार्थ्यांना प्रथम पटत नाही. परंतु हवेतील ऑक्सिजन रेणूत दोन अयुग्मित इलेक्ट्रॉन असतात, आणि वाढत्या साखळीचे टोक तो चटकन पकडून निष्क्रिय करतो. म्हणूनच जेलच्या पृष्ठभागावर पाण्याचा किंवा आयसोब्युटॅनॉलचा थर देतात. १० टक्के द्रावण एकदाच बनवून लहान कुप्यांत उणे २० अंशाला गोठवावे आणि प्रत्येक वेळी नवी कुपी काढावी. फ्रिजच्या दारात महिनोन्‌महिने ठेवलेल्या बाटलीवर कोणी विश्वास ठेवू नये.

दुसरा वापर मला वैयक्तिकदृष्ट्या सर्वांत प्रिय आहे: मँगनीजची कसोटी. आमच्या खनिजांच्या कपाटात गोव्यातील आणि नागपूर-भंडारा पट्ट्यातील मँगनीज खनिजांचे नमुने आहेत. अशा नमुन्याचा क्लोराइडमुक्त आम्लातील जवळजवळ रंगहीन अर्क घ्यावा, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे काही थेंब आणि परसल्फेट घालून तापवावे, की थोड्याच वेळात परमँगनेटचा गडद जांभळा रंग उमलतो. परसल्फेटचे प्रमाण विभव (ऑक्सिडीकरणाच्या ताकदीचे माप) सुमारे २.०१ व्होल्ट आणि परमँगनेटचे १.५१ व्होल्ट, म्हणजे ताकदीचा प्रश्नच नाही. तरीही सिल्व्हर न घालता तापवत राहिलो तर हा स्वच्छ जांभळा रंग मिळत नाही. परसल्फेटला सामर्थ्य आहे पण त्वरा नाही. पेरॉक्साइड बंध उघडण्यासाठी त्याला उष्णता, प्रकाश, अमाइन किंवा सिल्व्हरसारखा धातू लागतो, आणि या मंदपणामुळेच ते बाटलीत राहू शकते. सिल्व्हर आयन स्वतः क्षणभर उच्च ऑक्सिडीकरण अवस्थेत जातो, मँगनीजला ऑक्सिडीकृत करतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. पोलादातील मँगनीज मोजण्याची वर्णमापन पद्धती याच पायावर उभी आहे, आणि ५२५ नॅनोमीटरच्या आसपासचे शोषण त्यासाठी मोजले जाते. या बाटलीतील परसल्फेटने कोऱ्या चाचणीत रंगाची किंचितही छटा दिली नाही, म्हणजे त्यात मँगनीजचा उपद्रवी अंश नव्हता. विश्लेषण श्रेणीसाठी मोजलेले अधिक पैसे येथे वसूल झाले.

गतिकी रसायनशास्त्राच्या, म्हणजे अभिक्रियेचा वेग मोजण्याच्या, प्रयोगासाठी मात्र मी हे लवण सुचवणार नाही. परसल्फेट आणि आयोडाइड यांची द्वितीय कोटीची अभिक्रिया आपल्याकडच्या पदवी वर्गांत पिढ्यान्‌पिढ्या केली जाते आणि तेथे पोटॅशियम परसल्फेट वापरण्याची परंपरा आहे. ती योग्यच आहे. पोटॅशियमचे लवण सामान्य तापमानाच्या १०० मिलिलिटर पाण्यात पाच ग्रॅमच्या आसपासच विरघळते, त्यामुळे पुनःस्फटिकीकरणाने शुद्ध करणे सोपे जाते आणि तोलून घेतलेल्या वजनावर भरवसा ठेवता येतो. अमोनियमचे लवण २५ अंशाला तेवढ्याच पाण्यात ८० ग्रॅमपर्यंत विरघळते. जेलसाठी १० टक्के द्रावण बनवताना जी विद्राव्यता वरदान ठरते, तीच शुद्धीकरणाच्या वेळी अडचण होते. अमोनियमचे लवण वापरायचेच असेल तर द्रावणाची संहती आधी अनुमापनाने ठरवावी. दोन ऋण आयनांमधील अभिक्रिया असल्यामुळे आयनिक तीव्रता (द्रावणातील आयनांच्या एकूण प्रमाणाचे माप) वाढली की वेगही वाढतो, हे ध्यानात ठेवून सर्व संचांत ती समान ठेवावी.

पाण्याच्या नमुन्यातील एकूण नायट्रोजन मोजण्यासाठी हे रसायन वापरू नये हे वेगळे सांगण्याची गरज नसावी, कारण प्रत्येक रेणूबरोबर आपण नायट्रोजनचे दोन अणू स्वतःच घालत असतो. एकूण फॉस्फरस मोजण्याआधी नमुना तापवून मोडण्याच्या क्रियेला, म्हणजे पचनाला, ते चालते.

इलेक्ट्रॉनिक्स विभागाने थोडे रसायन छापील परिपथाच्या पट्टीवरील तांबे कोरण्यासाठी मागून नेले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर या कामासाठी फेरिक क्लोराइडच हातात पडते, आणि त्याने कपडे, फरशी आणि बेसिन यांवर जे तपकिरी डाग पडतात ते कोणालाही परिचित असतील. परसल्फेटचे कोमट द्रावण पारदर्शक राहते, विरघळत्या तांब्याबरोबर निळे होत जाते आणि रेषा कोठवर उघडी पडली ते डोळ्यांनी दिसते. त्यांना निकाल आवडला. वेग मात्र तापमानावर फार अवलंबून आहे आणि उरलेले द्रावण जपून ठेवण्याजोगे नाही. ते बंद बाटलीत कधीही भरू नये, कारण त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि घट्ट झाकणाची बाटली दाबाने फुटू शकते.

आरोग्याच्या बाबतीत लेबलवरील इशारा अक्षरशः पाळावा. परसल्फेटची धूळ श्वसनमार्गाला संवेदनशील बनवते. एकदा तशी संवेदनशीलता निर्माण झाली की नंतर अत्यल्प धुळीनेही दम्याचा झटका येऊ शकतो. केशकर्तनालयात रोज ब्लीचची भुकटी हाताळणाऱ्यांमध्ये व्यवसायजन्य दमा आणि हातांवरील इसब यांच्याशी परसल्फेटचा संबंध चांगला परिचित आहे. प्रयोगशाळेत आपण त्याला इतके दिवस किरकोळ मानत आलो, याचे एक कारण असे की त्याच टेबलावर अ‍ॅक्रिलअमाइड असते आणि त्याच्या चेतासंस्थेवरील विषारीपणापुढे बाकी सर्व दुय्यम वाटते. तोलण्याचे काम धूम्रकपाटाजवळ, खोलीतील पंखा बंद करून, हातमोजे आणि मुखपट्टी वापरून करावे. आमच्या प्रयोगशाळा सहायकांना पूर्वीपासून दम्याचा त्रास आहे, म्हणून हे काम त्यांच्याकडून काढून घेतले आहे, आणि इतर ठिकाणीही याचा विचार व्हावा.

साठवणुकीसाठी लाकडी फळी, फिनॉल किंवा ग्लिसरॉलसारखी सेंद्रिय रसायने, धातूंची भुकटी आणि अल्कली यांच्यापासून बाटली दूर ठेवावी. अल्कलीशी संपर्क आला की अमोनिया सुटतो. धातूचा चमचा बाटलीत घालू नये, आणि एकदा बाहेर काढलेले स्फटिक, कितीही स्वच्छ दिसत असले तरी, परत आत टाकू नयेत. बाटली आली त्याच दिवशी, शक्यतो कोरड्या हवेत, माल लहान कुप्यांत वाटावा, प्रत्येक कुपीवर तारीख घालावी आणि सिलिका जेल असलेल्या शुष्कनपात्रात ठेवावे. सिलिका जेल वेगळ्या पात्रात असावे, स्फटिकांत मिसळू नये. उतरलेला माल कचऱ्याच्या कागदी डब्यात जाता कामा नये. तो भरपूर पाण्यात थोडा थोडा विरघळवून फेरस सल्फेटच्या किंवा सोडियम बायसल्फाइटच्या द्रावणाने क्षपित करावा (म्हणजे त्याची ऑक्सिडीकरणाची क्षमता संपवावी) आणि आयोडाइड-स्टार्चच्या कागदाने ऑक्सिडीकारक संपल्याची खात्री करून मगच उदासीन करून सोडावा.

ज्यांचा खप आमच्याएवढाच, म्हणजे आठवड्याला काही ग्रॅमचा आहे, त्यांनी २५ किंवा १०० ग्रॅमचे पॅकिंग घ्यावे. प्रति ग्रॅम दर जास्त पडतो आणि लेखा विभाग त्यावर प्रश्न विचारतो, परंतु मोठ्या बाटलीचा उरलेला भाग फेकावा लागला की तो हिशेब उलटतो. मागणीपत्रात उत्पादनाचा महिना सहा महिन्यांपेक्षा जुना नसावा ही अट आणि बॅचच्या प्रमाणपत्राची अट लिहूनच द्यावी. मागणी दिवाळीनंतर करावी, म्हणजे माल कोरड्या ऋतूत हाती येईल आणि बहुतांश जेलची प्रात्यक्षिके पावसाळ्यापूर्वीच उरकतील. आमची पुढील मागणी १०० ग्रॅमच्या दोन बाटल्यांची आहे. निर्माता तोच ठेवला आहे, आणि उघडल्याच्या तारखेसाठी लेबलवर जागा ठेवावी अशी सूचना वितरकामार्फत त्यांना लेखी कळवली आहे.